रणगाड्यांच्या युगांतील घोडेस्वार : जनरल बेलोव्ह यांची युद्धकारकीर्द

१९३९ ते १९४५ पर्यंत चाललेलें दुसरें महायुद्ध हें यंत्रांचें युद्ध होतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रणगाडे, विमानें आणि मोटारींतून धांवणारें पायदळ यांनीं लढाईचें रूप पालटून टाकलें. आणि ज्या घोड्याच्या पाठीवर बसून शतकानुशतकें राज्यें मिळविलीं व गमावलीं गेलीं, तो घोडा कायमचा पागेंत जाऊन बसला, असें सामान्यतः सांगितलें जातें. ही समजूत अर्धीच खरी आहे. १९४१ च्या जून महिन्यांत ज्या जर्मन सैन्यानें रशियावर चाल केली, त्या सैन्याबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे होते. तोफा ओढणें, दाणागोटा वाहून नेणें, जखमींना मागें आणणें हीं कामें बहुतेक जर्मन डिव्हिजनमध्यें घोडाच करीत होता. मात्र घोड्यावरून रणांत जाणारा स्वार जर्मनांनीं जवळजवळ निकालांत काढला होता. त्यांच्या सैन्यांत घोडदळाची एकच डिव्हिजन उरली होती, आणि १९४१-४२ च्या हिंवाळ्यांत तिचेंहि रूपांतर चिलखती डिव्हिजनमध्यें करण्यांत आलें.

नेमक्या त्याच सुमारास सोव्हिएट रशियानें उलट पाऊल टाकलें. युद्धाच्या आरंभीं लाल सैन्यांत घोडदळाच्या तेराच डिव्हिजन होत्या. १९४१ साल संपतां संपतां त्यांची संख्या ऐंशींच्या वर गेली. दोन बलाढ्य सैन्यें एकाच रणांगणावर समोरासमोर उभीं असतां एकानें घोडा सोडावा आणि दुसऱ्यानें तो धरावा, याचें कारण काय असावें? हा रशियाचा मागासलेपणा होता, कीं त्यामागें कांहीं हिशेब होता? या प्रश्नाचें उत्तर युद्धशास्त्राच्या ग्रंथांपेक्षां एका सेनापतीच्या कारकीर्दींत अधिक स्पष्ट दिसून येतें. पावेल अलेक्सेयेविच बेलोव्ह हे ते सेनापति होत. मॉस्कोच्या दाराशीं त्यांच्या स्वारांनीं मिळविलेला विजय, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनीं शत्रूच्या पिछाडीस त्याच स्वारांची झालेली कोंडी, या दोन प्रसंगांत घोडदळाचें सामर्थ्य आणि घोडदळाची मर्यादा या दोहोंचा लेखाजोखा सांपडतो.

बेलोव्ह यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९७ रोजीं शुया येथें झाला. मॉस्कोच्या ईशान्येस असलेलें हें शहर कापडाच्या गिरण्यांसाठीं प्रसिद्ध आहे. १९१६ सालीं, पहिलें महायुद्ध ऐन भरांत असतां, ते झारच्या सैन्यांत साधे स्वार म्हणून दाखल झाले. पुढल्याच वर्षीं क्रांति झाली, झारचें राज्य लयास गेलें आणि देशांत यादवी माजली. बेलोव्ह लाल सैन्यांत शिरले व दक्षिण आघाडीवर घोडदळाच्या एका तुकडीचे नायक म्हणून लढले. त्या यादवी युद्धांत घोडदळाला मोठें महत्त्व आलें होतें. रशियाचीं मैदानें अफाट, सैन्यें विरळ आणि रस्ते दुर्मिळ. अशा प्रदेशांत जो वेगानें हालचाल करील त्याची सरशी होत असे. १९१९ सालीं उभारलेल्या बुड्योनी यांच्या पहिल्या घोडेस्वार सेनेची कीर्ति याच काळांत पसरली. पुढील वीस वर्षें लाल सैन्याच्या वरिष्ठ वर्तुळांत या घोडेस्वारांचा दबदबा राहिला. मार्शल झुकोव्ह आणि मार्शल रोकोसोव्हस्की हेहि मूळचे घोडदळांतलेच.

बेलोव्ह मात्र यादवी युद्धांतील आठवणींवर जगणाऱ्यांपैकीं नव्हते. त्यांनीं १९३३ सालीं फ्रुंझे युद्धविद्यालयाची परीक्षा उत्तीर्ण केली, घोडदळाच्या तपासनीस कचेरींत काम केलें, एका डिव्हिजनचें आधिपत्य केलें, एका कोअरचे प्रमुख चिटणीस-अधिकारी म्हणून हालचालींचे व रसदीचे हिशेब मांडले. १९४० सालीं त्यांच्याकडे पहाडी पायदळाची एक डिव्हिजन होती. म्हणजे १९४१ च्या मार्च महिन्यांत घोडदळाच्या दुसऱ्या कोअरचें आधिपत्य त्यांच्याकडे आलें, तेव्हां पायीं लढणाऱ्या शिपायाची लढाई कशी असते याचाहि अनुभव त्यांच्या गांठीस होता. ही गोष्ट पुढें फार उपयोगी पडली.

ती उपयोगी कां पडली, हें समजण्यासाठीं त्या काळांतील घोडदळ प्रत्यक्षांत कसें लढत असे, तें पाहिलें पाहिजे. तलवार उपसून, लगाम सैल सोडून शत्रूवर तुटून पडणारा स्वार हें चित्र मशीनगनच्या शोधानें कधींच जुनें करून टाकलें होतें. १७ नोव्हेंबर १९४१ रोजीं मॉस्कोच्या वायव्येस मुसिनो या खेड्याजवळ मध्य आशियांतून आलेल्या एका घोडदळ डिव्हिजननें उघड्या बर्फाळ मैदानांतून जर्मन तोफांवर चाल केली. जर्मन वृत्तांतांप्रमाणें तींत स्वारांचा भयंकर संहार झाला. मृतांच्या आंकड्यांविषयीं मतभेद आहेत. धड्याविषयीं मतभेद नाहीं. तोफेसमोर घोडा म्हणजे केवळ एक मोठें लक्ष्य होय. म्हणून शहाण्या सेनापतीचा नियम असा असे कीं, रणांगणापर्यंत घोड्यावरून जावें आणि रणांगणावर पायीं लढावें. स्वार जंगलाच्या आडोशाला उतरत, तीन-चार घोड्यांमागें एक मनुष्य लगाम धरून मागें राही आणि बाकीचे बंदुका घेऊन पायदळासारखे पुढें सरकत.

या पद्धतीचे फायदे उघड होते. मोटारीला रस्ता लागतो व पेट्रोल लागतें. घोडा पायवाटेनें, दलदलीच्या कडेनें, गर्द अरण्यांतून जातो. रात्रींच्या अंधारांत दिवे न लावतां हजारों स्वार एका जागेहून नाहींसे होत आणि पहांटे शत्रूच्या बगलेवर उगवत. परंतु तोटेहि तितकेच उघड होते. घोडे धरण्यासाठीं माणसें मागें ठेवावीं लागल्यामुळें लढणाऱ्यांची संख्या घटे. १९४१ सालीं घाईनें उभारलेल्या हलक्या घोडदळ डिव्हिजनमध्यें अवघे तीन हजार लोक असत आणि तोफा थोड्या. घोड्याला रोज कित्येक किलो ओट व वैरण लागते. यंत्र उभें असतां कांहीं खात नाहीं, घोडा मात्र उभा असतांहि खातो. वरून विमानानें गांठल्यास पागेची पागा क्षणांत उद्ध्वस्त होई. थोडक्यांत, घोडदळ म्हणजे वेगवान परंतु हलक्या हाताचें पायदळ. त्याच्याकडून वेगाचें काम घ्यावें, वजनाचें घेऊं नये.

जर्मनांनीं २२ जून १९४१ रोजीं आक्रमण केलें, तेव्हां बेलोव्ह यांची कोअर अगदीं दक्षिणेस, मोल्डेव्हियांत प्रुत नदीच्या बाजूस होती. पुढील तीन महिने म्हणजे माघारीचा एक लांबलचक प्रवास होता. प्रुतपासून नीस्टर, नीस्टरपासून नीपर असें तें सैन्य लढत लढत मागें हटत गेलें. या काळांत रशियाच्या कित्येक सेना वेढ्यांत सांपडून नष्ट झाल्या. बेलोव्ह यांचे स्वार मात्र दरवेळीं शत्रूची मिठी आवळण्यापूर्वीं निसटले. सप्टेंबरच्या अखेरीस युक्रेनच्या ईशान्य भागांत श्तेपोव्हका या खेड्यापाशीं त्यांनीं उलट वार केला. पावसानें रस्त्यांचा चिखल झाला होता आणि एका जर्मन मोटार-डिव्हिजनच्या गाड्या त्या चिखलांत रुतून बसल्या होत्या. घोड्यांना चिखलाची फिकीर नव्हती. रणगाड्यांची मदत घेऊन बेलोव्ह यांनीं त्या तुकड्यांवर हल्ला चढविला आणि शेंकडों मोटारी मागें टाकून जर्मनांना हटावें लागलें. माघारीच्या त्या दिवसांत हा विजय लहान असला तरी त्यानें एक गोष्ट सिद्ध केली. यंत्र जेथें अडतें, तेथें घोड्याची पाळी येते.

नोव्हेंबरमध्यें बेलोव्ह यांची कोअर मॉस्कोच्या रक्षणासाठीं उत्तरेकडे आणण्यांत आली. राजधानीची स्थिति त्या वेळीं अत्यंत बिकट होती. उत्तरेकडून व दक्षिणेकडून दोन चिलखती बाहू पुढें सरकत होते, आणि ते मॉस्कोच्या पूर्वेस एकमेकांना भेटावेत अशी जर्मनांची योजना होती. याच दिवसांत झुकोव्ह बेलोव्ह यांना घेऊन स्टॅलिन यांच्याकडे गेले. बेलोव्ह यांनीं आपल्या आठवणींत या भेटीची हकीकत दिली आहे. आपल्या सैन्याला काय उणें आहे, असें विचारलें गेलें असतां त्यांनीं जास्त स्वार किंवा चांगले घोडे मागितले नाहींत. त्यांनीं टॉमीगनसारख्या स्वयंचलित बंदुका मागितल्या. जर्मन शिपाई जवळच्या लढाईंत गोळ्यांचा वर्षाव करतो आणि आमच्या स्वाराच्या हातीं साधी बंदूक असते, अशी त्यांची तक्रार होती. पंधराशें स्वयंचलित बंदुका व नव्या तोफांच्या दोन बॅटऱ्या देण्याचें आश्वासन त्यांना मिळालें. घोडदळाचा सेनापति काय मागतो यावरून त्याला आपलें शस्त्र किती कळलें आहे, हें ओळखतां येतें.

त्या बंदुकांची कसोटी लवकरच लागली. दक्षिणेकडील जर्मन बाहूचे नायक गुडेरियन होते. त्यांच्या वाटेंत तुला हें शहर होतें. तें पडेना, म्हणून त्यांनीं त्याला वळसा घालून आपले रणगाडे सरळ उत्तरेस काशिरा शहराकडे पिटाळले. काशिरा हें मॉस्कोच्या दक्षिणेस सुमारें शंभर किलोमीटरांवर ओका नदीच्या कांठीं वसलेलें गांव. लोकसंख्येनें लहान, परंतु तेथें दोन अमोल वस्तू होत्या. एक म्हणजे ओका नदीवरील पूल, आणि दुसरी म्हणजे लेनिन यांच्या काळांत १९२२ सालीं पुरें झालेलें वीजकेंद्र. या केंद्रांतून मॉस्को व तुला येथील कारखान्यांना वीज जात असे. काशिरा पडलें असतें, तर जर्मनांना नदी उतरण्यास तयार पूल मिळाला असता आणि राजधानीच्या कारखान्यांवर अंधार पसरला असता.

२५ नोव्हेंबर रोजीं जर्मन रणगाडे गांवापासून हाकेच्या अंतरावर आले. तेथें पायदळ जवळजवळ नव्हतेंच. विमानांवर मारा करण्यासाठीं ठेवलेल्या तोफांचीं तोंडें खालीं वळवून त्यांच्या गोलंदाजांनीं रणगाड्यांवर गोळे डागले आणि कांहीं तास मिळविले. बेलोव्ह यांचे स्वार तेव्हां पश्चिमेस सेर्पुखोव्हजवळ दुसऱ्या लढाईंत गुंतले होते. हुकूम मिळतांच ते तेथून सुटले व गोठलेल्या जमिनीवरून सक्तीची मजल मारून काशिऱ्यास पोंचले. २६ नोव्हेंबर रोजीं या कोअरला ‘गार्ड’ ही मानाची पदवी मिळाली आणि ती घोडदळाची पहिली गार्ड कोअर झाली. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं तिनें प्रतिहल्ला सुरू केला.

या हल्ल्याची मांडणी लक्षांत घेण्याजोगी आहे. बेलोव्ह यांच्या हाताखालीं केवळ स्वार नव्हते. रणगाड्यांची एक डिव्हिजन, एक टँक ब्रिगेड, पायदळाची एक डिव्हिजन आणि ‘कात्यूशा’ या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या अग्निबाणांचा तोफखाना त्यांच्या दिमतीस होता. वजनाचें काम या दळांनीं केलें. स्वारांनीं जंगलांतून वळसे घालून शत्रूच्या बगला गांठल्या. महिन्याअखेर जर्मन सैन्य काशिऱ्यापासून पुष्कळ दक्षिणेस रेटलें गेलें. मॉस्कोभोंवतीं मिठी घालूं पाहणारा दक्षिणेकडील बाहु येथें मुरगळला गेला. डिसेंबरच्या प्रारंभीं रशियनांची सार्वत्रिक चढाई सुरू झाली, तेव्हां बेलोव्ह यांच्या स्वारांनीं ९ डिसेंबरला वेन्योव्ह, त्यानंतर दोनच दिवसांनीं स्टॅलिनोगोर्स्क आणि २२ तारखेस ओदोयेव्ह हीं शहरें मुक्त केलीं. थंडी शून्याखालीं तीस अंशांपर्यंत उतरत होती. जर्मन मोटारींचीं एंजिनें थिजलीं, बंदुकांचें तेल गोठलें. खिळेदार नाल ठोकलेले रशियन घोडे बर्फांतून चालत राहिले. डिसेंबर संपण्यापूर्वींच गुडेरियन यांना हिटलरनें पदावरून दूर केलें.

या विजयाची किंमतहि घोडदळानें मोजली. १९ डिसेंबर रोजीं रुझा नदीच्या कांठीं दुसऱ्या गार्ड कोअरचे तरुण सेनापति दोवातोर हे पुढल्या रांगेंत गोळी लागून पडले. तथापि मॉस्कोचें संकट टळलें होतें, आणि या आनंदांतच पुढील चुकीचें बीज होतें.

१९४२ च्या जानेवारींत स्टॅलिन यांनीं अशी योजना आंखली कीं, मॉस्कोसमोरील संपूर्ण जर्मन सेनासमूहाला वेढून नष्ट करावें. या वेढ्याची गांठ व्याझ्मा येथें बसावयाची होती. मॉस्कोच्या पश्चिमेस सुमारें दोनशें किलोमीटरांवर असलेल्या या शहरांतून जर्मनांचा मुख्य लोहमार्ग व राजरस्ता जात असे. उत्तरेकडून एक घोडदळ कोअर, पूर्वेकडून जनरल येफ्रेमोव्ह यांची तेहेतिसावी सेना आणि दक्षिणेकडून बेलोव्ह, अशा तिघांनीं व्याझ्म्यावर चालून जावें, असें ठरलें. शिवाय शत्रूच्या पिछाडीस विमानांतून छत्रीधारी सैनिक उतरविण्यांत यावयाचे होते.

बेलोव्ह यांच्या वाटेंत वॉर्सा राजरस्ता आडवा होता. जर्मनांनीं त्याच्या दोहों बाजूंस बर्फाचे उंच बांध रचले होते आणि कांठच्या प्रत्येक खेड्याचा लहानसा किल्ला बनविला होता. २७ जानेवारीच्या सुमारास रात्रींच्या अंधारांत पायदळानें मोकळ्या केलेल्या एका चिंचोळ्या फटींतून स्वार पलीकडे घुसले. परंतु फट लगेच बुजली. पायदळाच्या दोन डिव्हिजन, रणगाडे आणि जड तोफखाना अलीकडेच राहिले. ज्या दळांच्या मदतीनें काशिऱ्यास विजय मिळाला होता, नेमकीं तींच दळें आतां बरोबर नव्हतीं. नांवाला पांच घोडदळ डिव्हिजन, हाताशीं हलक्या तोफा, आणि पुढें कमरेइतकें बर्फ. अशा स्थितींत बेलोव्ह शत्रूच्या मुलखांत एकटे पडले.

फेब्रुवारीच्या आरंभीं ते व्याझ्म्याच्या आसपास पोंचले व शहरावर हल्ले सुरू झाले. ते सर्व फसले. जर्मनांची पांचवी चिलखती डिव्हिजन तेथें आली होती, आणि सडकेनें व लोहमार्गानें त्यांना हवी तेथें कुमक पाठवितां येत होती. वेगानें येणारा स्वार शहराच्या वेशीपर्यंत पोंचतो. परंतु वेशीवरील मशीनगन मोडण्यास तोफ लागते, ती त्याच्याजवळ नव्हती. त्याच सुमारास येफ्रेमोव्ह यांच्या सेनेचा पुढील भागहि मागच्यापासून तुटला. छत्रीधारी सैनिक मोठ्या क्षेत्रावर विखुरले गेले. त्यांच्या कोअरचे नायक लेवाशोव्ह हे विमानांतच मारले गेले. अशा रीतीनें तीन सैन्यें एकाच प्रदेशांत, एकमेकांपासून थोड्याशा अंतरावर, वेगवेगळीं कोंडलीं गेलीं. झुकोव्ह यांनीं पुढें आपल्या आठवणींत मोकळेपणानें मान्य केलें आहे कीं, आपल्या सैन्याच्या शक्तीचा अंदाज अधिक व शत्रूच्या शक्तीचा अंदाज कमी करण्यांत त्यांच्याकडून चूक झाली.

येथून बेलोव्ह यांच्या कारकीर्दीचा सर्वांत विलक्षण भाग सुरू होतो. व्याझ्मा मिळत नाहीं हें दिसतांच ते दोरोगोबुझ शहराच्या बाजूच्या अरण्यांत शिरले. तें शहर फेब्रुवारींत गनिमी टोळ्यांनींच जर्मनांकडून हिसकावून घेतलें होतें. या टोळ्यांना त्यांनीं आपल्या सैन्यांत सामावून घेतलें व त्यांच्या पलटणी बनविल्या. आदल्या वर्षीं ऑक्टोबरमध्यें याच प्रदेशांत मोठ्या रशियन सेना वेढल्या गेल्या होत्या. त्यांतून मागें राहिलेले शिपाई खेडोपाडीं लपून होते. तेहि पुढें आले. त्या वेळीं जंगलांत टाकून दिलेल्या तोफा बर्फाखालून उकरून काढण्यांत आल्या आणि मोडके रणगाडे दुरुस्त करून त्यांचें एक लहानसें दळ उभें राहिलें. दारूगोळा व औषधें रात्रीं विमानानें येत. जखमी त्याच विमानांनीं मागें जात. बाकी सर्व गोष्टींसाठीं स्थानिक शेतकऱ्यांवर विसंबावें लागे. ज्यांच्याजवळ स्वतःलाच पुरेसें अन्न नव्हतें, त्या लोकांनीं हें सैन्य महिनोंमहिने पोसलें, आणि जर्मन परत आल्यावर त्याची शिक्षाहि भोगली.

घोड्यांची दशा मात्र हृदयद्रावक झाली. ओट संपले, गवत संपलें. घरांच्या छपरांवरील जुना पेंढा काढून घोड्यांपुढें टाकण्यांत आला. अशक्त झालेलीं जनावरें बर्फांत पडत, आणि पडलेल्या घोड्याचें मांस शिपायांच्या पोटांत जाई. वसंत ऋतूंत बर्फ वितळून सर्वत्र चिखल व पाणी झालें, तेव्हां स्वारांपैकीं कित्येक पायींच चालत होते. घोडदळ हें नांव राहिलें होतें, घोडे राहिले नव्हते.

एप्रिल महिन्यांत प्रश्न उभा राहिला कीं, या कोंडींतून बाहेर कसें पडावें. झुकोव्ह यांचें मत असें होतें कीं, लांबचा असला तरी जंगलांतला, दक्षिणेस किरोव्ह शहराच्या दिशेचा मार्ग धरावा. येफ्रेमोव्ह यांचें सैन्य उपासमारीनें थकलें होतें. एवढी लांब मजल मारण्याचें त्राण त्यांच्या माणसांत उरलें नव्हतें. त्यांनीं पूर्वेकडील जवळच्या मार्गाची परवानगी मागितली व स्टॅलिन यांनीं ती दिली. जवळचा मार्ग जर्मनांनाहि ठाऊक होता. वाटेंत त्या सेनेचे तुकडे झाले. येफ्रेमोव्ह जखमी झाले आणि शत्रूच्या हातीं जिवंत सांपडण्यापेक्षां मरण बरें असें ठरवून १९ एप्रिल १९४२ रोजीं त्यांनीं स्वतःवर गोळी झाडून घेतली. बेलोव्ह आणि ते एकाच वर्षीं, एकाच महिन्यांत जन्मलेले. १९९६ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर चौपन्न वर्षांनीं, येफ्रेमोव्ह यांना रशियाचा वीर ही पदवी देण्यांत आली.

येफ्रेमोव्ह यांनीं चूक केली आणि बेलोव्ह यांनीं केली नाहीं, असा सरळ निवाडा येथें करतां येत नाहीं. बेलोव्ह यांच्या भोंवतीं अरण्य विस्तृत होतें, गनिमी टोळ्यांचा प्रदेश त्यांच्या पाठीशीं होता आणि घोड्यांवर निदान जखमी व सामान लादतां येत होतें. येफ्रेमोव्ह यांच्याजवळ यांतील फारच थोडें होतें. तरीहि एवढें खरें कीं, वेळ असतां शहराचा नाद सोडून रानाचा आश्रय घेण्याचें धोरण बेलोव्ह यांनीं स्वीकारलें, आणि त्यामुळें त्यांचें सैन्य आणखी दोन महिने तग धरूं शकलें.

हें जळतें लांकूड आपल्या पिछाडीस जर्मन किती दिवस राहूं देणार? २४ मे १९४२ रोजीं त्यांनीं अनेक डिव्हिजन एकवटून बेलोव्ह यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. रशियन कैद्यांतून भरती केलेली व लाल सैन्याच्याच पोशाखांत सजविलेली एक तुकडी बेलोव्ह यांच्या मुक्कामावर छापा घालण्यासाठीं पाठविण्यांत आली. ती वेळींच ओळखली गेली आणि तो डाव फसला. मुसळधार पावसानें जर्मनांचे रणगाडे चिखलांत अडकले आणि बेलोव्ह यांना निसटण्यास अवधि मिळाला. जून महिन्यांत त्यांचे स्वार, छत्रीधारी सैनिक आणि गनिमी टोळ्या पुन्हां त्याच वॉर्सा राजरस्त्यावर येऊन ठेपल्या. जानेवारींत उत्तरेकडे जातांना जो रस्ता ओलांडला होता, तोच आतां दक्षिणेकडे ओलांडावयाचा होता. रात्रींच्या वेळीं मशीनगनच्या माऱ्यांतून तुकड्यातुकड्यांनीं तो पार करण्यांत आला. कित्येक तेथेंच पडले, कित्येक मागें राहून पुन्हां जंगलांत शिरले. परंतु हजारों लोक किरोव्हजवळ आपल्या सैन्यास येऊन मिळाले. बेलोव्ह यांची ही पिछाडीची मोहीम जवळजवळ पांच महिने चालली होती. जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख हाल्डर यांच्या रोजनिशींत त्यांचें नांव पुनःपुन्हां आलें आहे. शत्रूच्या दृष्टीनें त्यांचें महत्त्व किती होतें, याची ही पावतीच म्हणावी लागेल.

परत येतांच त्यांना एकसष्टाव्या सेनेचें आधिपत्य देण्यांत आलें. ही सेना घोडदळाची नव्हती. पायदळ व तोफखाना हेंच तिचें मुख्य बळ होतें. युद्ध संपेपर्यंत बेलोव्ह याच सेनेवर राहिले. १९४३ च्या जुलै महिन्यांत तिनें बोल्खोव्ह जिंकलें आणि सप्टेंबरच्या अखेरीस ल्युबेचजवळ नीपर नदी ओलांडली. या पराक्रमाबद्दल १५ जानेवारी १९४४ रोजीं त्यांना सोव्हिएट संघराज्याचा वीर हा सर्वोच्च किताब मिळाला. पुढें पिन्स्क, ब्रेस्त, रीगा, वॉर्सा असे टप्पे घेत ती सेना १९४५ च्या मे महिन्यांत बर्लिनच्या उत्तरेकडून एल्ब नदीपर्यंत जाऊन पोंचली. युद्धानंतर त्यांनीं दक्षिण उरल विभागाचें सैन्याधिपत्य केलें आणि नंतर कांहीं वर्षें नागरिकांना सैनिकी शिक्षण देणाऱ्या देशव्यापी संस्थेचे ते अध्यक्ष होते. ३ डिसेंबर १९६२ रोजीं मॉस्को येथें त्यांचें निधन झालें. ‘पाठीशीं मॉस्को’ अशा अर्थाच्या नांवाचें त्यांचें आत्मवृत्त पुढल्या वर्षीं प्रसिद्ध झालें.

दरम्यान घोडदळाच्या प्रश्नाचाहि निकाल लागला होता. बेलोव्ह यांच्या अनुभवांतून निघालेला धडा लाल सैन्यानें मनावर घेतला. हलक्या घोडदळ डिव्हिजन मोडण्यांत आल्या. उरलेल्या घोडदळाला तोफा व रणगाडे यांची कायमची जोड देण्यांत आली. १९४४ सालीं बेलोरशियाच्या दलदलींतून जनरल प्लीयेव्ह यांच्या ज्या दळानें मुसंडी मारली, तें घोडे आणि यंत्रें यांचें मिश्र दळ होतें. काशिऱ्याच्या लढाईंत जें प्रसंगानें जुळून आलें, तेंच येथें योजनेनें साधलें गेलें. युद्धानंतर मोटारी मुबलक झाल्या, खडबडीत जमिनीवरून धांवणारीं वाहनें निघालीं, आणि दहा-अकरा वर्षांत सोव्हिएट सैन्यांतून घोडदळ हें अंग नाहींसें झालें.

तेव्हां रशियानें १९४१ सालीं घोडा हातीं धरला, तो मागासलेपणामुळें नव्हे; आणि घोडा श्रेष्ठ म्हणूनहि नव्हे. हजारों रणगाडे गमावलेल्या, कारखाने पूर्वेकडे हलवीत असलेल्या राष्ट्राजवळ त्या वेळीं वेगानें हालणारें दुसरें साधन शिल्लक नव्हतें. त्या साधनानें काशिऱ्यास राजधानीचें रक्षण केलें, कारण तेथें त्याच्याकडून त्याच्या शक्तीचें काम घेतलें गेलें आणि बाकीचें काम तोफांनीं व रणगाड्यांनीं केलें. व्याझ्म्यास तेच स्वार, तेच सेनापति, तेंच धैर्य होतें. परंतु त्यांच्यावर असा भार टाकण्यांत आला, जो वाहण्यासाठीं तें साधन घडलेलेंच नव्हतें. शौर्यानें ही उणीव भरून निघत नाहीं. फार तर तिची किंमत चुकती होते, आणि ती किंमत नकाशावर बाण काढणाऱ्यांना नव्हे, तर बर्फांत चालणाऱ्या शिपायाला, छपराचा पेंढा देणाऱ्या शेतकऱ्याला आणि मुक्या जनावराला द्यावी लागते. बेलोव्ह यांनीं ती किंमत डोळ्यांनीं पाहिली होती, आणि जेवढी कमी करतां आली तेवढी कमी केली. त्यांच्या कारकीर्दीचें मोठेपण यांतच आहे.